गिरणीवरचं इंग्रजी

इंग्रजी भाषेला गरम पिठाचा वास येतो, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. आजही कुणी माझ्याशी फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं की मला आधी दळणाच्या डब्यातून निघणारी वाफ आठवते, मग गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज, आणि त्यानंतर कुठे समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येतं. तोवर त्याचं वाक्य संपलेलं असतं आणि मी नुसती मान डोलावते. वीस-बावीस वर्षं नोकरी केली अशी मान डोलावून. कुणाच्या लक्षात आलं नाही, नशीब माझं.

परवा आमच्या जुन्या वस्तीत, तुळिंजला गेले होते. कुकरची शिट्टी बिघडली होती, ती बदलून घ्यायला. इतकं बदललंय सगळं की मी दोनदा गल्ली चुकले. जिथे डबकं होतं आणि डबक्यात म्हशी बसायच्या तिथे आता मुलांच्या कपड्यांची दुकानं आहेत. म्हटलं, मरू दे, विचारत विचारत जाऊ. आणि अचानक तोच वास आला. बाजरीचा. वळून बघते तर गिरणी तिथेच! मालक नवा, पाटी नवी, पण वर जाणारा लोखंडी जिना तोच, तिसरी पायरी अजून वाकडी. वर आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालंय.

"काय दळायचंय?" गिरणीवाल्याने विचारलं.

"काही नाही."

"मग बाजूला उभ्या राहा मॅडम, पीठ उडतंय अंगावर."

मी बाजूला झाले, पण गेले नाही. बाकावर बसून राहिले. शिट्टी घ्यायची राहिलीच त्या दिवशी.

वर लिली टीचरांचा वर्ग भरायचा. दुपारी दोन ते साडेतीन. का चार? काही आठवत नाही बाई, पण बाहेर पडताना ऊन डोळ्यांवर यायचं एवढं पक्कं आठवतंय. टीचर वसईकडच्या गावातल्या, वाडीतल्या. पूर्वी फोर्टात कुठल्याशा कंपनीत टायपिस्ट होत्या. पांढरे बॉबकट केस, फुलाफुलांचा फ्रॉक, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत खडू असायचे आणि घरची सुकेळी. उन्हात वाळवलेलं केळं ते, मधासारखं गोड, दाताला चिकटणारं. ज्याचं उत्तर बरोबर त्याला सुकेळ्याचा एक तुकडा. शाबासकी वगैरे काही नाही. तुकडा तोंडात टाकला की बोलता यायचं नाही, म्हणजे हुशार माणूस गप्प आणि बाकीचे बोलताहेत, अशी टीचरांची योजना.

खाली गिरणी, त्यामुळे वर सगळं ओरडून. टीचर ओरडायच्या, आम्ही ओरडायचो. त्या वर्गातली माणसं आजही इंग्रजी ओरडूनच बोलत असणार, मला खात्री आहे. फळा हलायचा, खडू आपोआप टेबलावरून घरंगळत जायचा. आणि वीज गेली, म्हणजे रोजच जायची, की गिरणी थांबायची आणि एकदम आमच्या चुका ऐकू यायच्या. सगळ्या जणी लाजून खाली बघायच्या. टीचर म्हणायच्या, "आता बोल ना बाय. मगाशी तर किती धीट होतीस!"

टीचरांची पद्धत जोड्यांची. त्यांचं म्हणणं, इंग्रजी कठीण नाही, पण त्यातले शब्द जुळ्या भावंडांसारखे फसवतात. म्हणून वहीच्या पानाची उभी घडी घालायची. डाव्या बाजूला एक शब्द, उजव्या बाजूला त्याचा भाऊ. आणि अर्थ घडीच्या आत, मराठीत. आधी ओळखायचं, मग घडी उघडून बघायचं. क्वाएट आणि क्वाइट. लूज आणि लूझ. बॉरो आणि लेंड. हियर आणि लिसन. घडीवर बोटं फिरवून फिरवून पान तिथे फाटायचं. मला त्या जोड्या पाठ व्हायच्या पण ओळखू यायच्या नाहीत. म्हणजे दोघे समोर आले की ततपप.

आणि या वर्गात माझ्या बाकावर, माझ्या शेजारी, माझी आई बसायची.

हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी आठवीत होते, मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं आणि पाचवीतच अडकलेलं. आई राजापूरकडची, सातवी शिकलेली. लग्न करून आधी परळच्या एका खोलीत आणि मग आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये आलेली. माझा धाकटा भाऊ पिंट्या चार वर्षांचा होता. त्याला सिस्टरांच्या, म्हणजे नन्सच्या, इंग्रजी शाळेत घालायचं हे घरात ठरलं होतं. मला का नाही घातलं, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. तर त्या शाळेत प्रवेशाला मुलाची मुलाखत असायची आणि आईवडिलांचीही. दोघांनी यायचं, इंग्रजीत बोलायचं, नाहीतर फॉर्म बाजूला, असं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे छातीठोकपणे सांगायचे. वडिलांचं भागण्यासारखं होतं, ते चर्चगेटला ऑफिसात होते. प्रश्न आईचा होता. म्हणून माझ्या क्लासला आईचंही नाव घातलं.

काय शिकायची हो ती! मला राग यायचा. आमच्याकडे तेव्हा पाणी एक दिवसाआड, तेही टँकरने. बायका हंडे, कळश्या, बादल्या लावून रांगेत उभ्या. भांडणं, शिव्या, कुणाची तरी बादली कुणी तरी लाथाडलेली. आणि त्या गदारोळात आमची आई पदराच्या टोकाला गाठी मारत पुटपुटते आहे, "बॉरो घेणं, लेंड देणं. बॉरो घेणं, लेंड देणं." एक जोडी पाठ झाली की एक गाठ. घरी आली की पदर जपमाळेसारखा दिसायचा. शेजारच्या बायकांना वाटायचं हिने काही व्रत धरलंय.

वर्गात तर ती टीचरांशी वाद घालायची.

"टीचर, उसनं ते उसनंच. देणारीला निराळा शब्द नि घेणारीला निराळा, हे कशाला?"

"अगो बाय, वाटी तुझ्या घरातून गेली की दुसरीच्या घरातून आली, ते कळायला नको?"

"ते कळतं की वाटी बघून."

सगळा वर्ग खिदळला. टीचरसुद्धा. पिंट्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यावर झोपलेला असायचा, केसांत पीठ, तो दचकून उठला. टीचरांनी त्या दिवशी आईला चूक उत्तराला सुकेळं दिलं. मला आठवतंय, तिने ते अर्धं तोडून मला दिलं आणि मी घेतलं नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी टीचरांनी आईची तोंडी परीक्षा घेतली. वीज होती, गिरणी जोरात, कुणाचं तरी मसाल्याचं दळण आणि सगळे शिंकताहेत. व्हॉट इज युवर नेम, व्हेअर डू यू लिव्ह, व्हाय डू यू वॉन्ट धिस स्कूल. आईने सगळं बरोबर सांगितलं. सगळं! शिंका आवरत, ओरडून. टीचर मला म्हणाल्या, "तुझ्या आईची काळजी नको. तुझी कर."

आता पुढचं सांगते. हे मला नीट सांगता येत नाही. तीस वर्षं मनात उलटसुलट केलंय, तरी नेमकं काय झालं ते धरता येत नाही.

संध्याकाळी वडील घरी आले. आई स्वयंपाकघरात घावनांचं पीठ कालवत होती. वडिलांनी बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि हळू आवाजात मला विचारलं, "काय गं, तू असतेस तिच्याबरोबर. खरं सांग. येईल का हिला उद्या बोलता?"

मी म्हटलं, "नाही येणार."

एवढंच. दोन शब्द. विचार करून बोलले का? नाही. खोटं बोलले का? तेही नक्की नाही. कारण आई परक्या माणसासमोर गोठायची, हे खरं होतं. रेशन दुकानदारासमोर तिला स्वतःचा कार्ड नंबर आठवायचा नाही. मग मी खरंच बोलले ना? पण दुपारचं मी सांगितलं नाही. मसाला, शिंका, सगळी बरोबर उत्तरं, हे मी गिळून टाकलं. पिंट्याला शाळा मिळू नये असं मला वाटत होतं का? की आई माझ्यापुढे गेली हे सहन झालं नाही? की मला तिची लाज वाटली? तिन्ही असेल. काहीच नसेल. तेरा वर्षांच्या पोरीच्या पोटात काय काय असतं ते तिला तरी कुठे माहीत असतं.

आत पळीचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. टीचरांनी शिकवलेलं, हियर म्हणजे कानावर पडणं आणि लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. आईचं त्या वेळी कुठलं झालं ते मला आजतागायत ठाऊक नाही. तिने काढलेलं घावन मात्र नेहमीसारखंच जाळीदार होतं.

जेवणं झाल्यावर वडील दुसऱ्या मजल्यावर गेले आणि नीताकाकूंना घेऊन आले. नीताकाकू इंग्रजी शाळेत शिकलेल्या, अंधेरीला कंपनीत कामाला, चष्मा, पर्स, सगळं. त्यांना मूल नव्हतं. उद्या पिंट्याची आई म्हणून नीताकाकूंनी जायचं, असं ठरलं. अहो, असं करायचे लोक तेव्हा! आमच्याच बिल्डिंगमधल्या एकांनी मेहुणीला नेलं होतं. कुणाला त्यात फार वावगं वाटलं नाही. एक दिवसाचं काम. साखर संपली तर शेजारून वाटी आणतो तसं.

पंचाईत झाली ती पिंट्याची. सकाळी तो नीताकाकूंचा हात धरेना. भोकाड पसरलं. तेव्हा आईच म्हणाली, "थांबा." तिने कपाटातून स्वतःची मोरपंखी साडी काढली, डांबरगोळ्यांचा आणि तिच्या पावडरीचा वास असलेली, आणि काकूंना नेसवली. काकूंना निऱ्या नीट घालता यायच्या नाहीत. आईने गुडघ्यांवर बसून त्यांच्या निऱ्या सारख्या केल्या, पदराला पिन लावली. पिंट्याने पदरात तोंड खुपसलं आणि गप्प झाला. तिघे निघाले. मी आणि आई गॅलरीतून बघत होतो. रिक्षा वळेपर्यंत आई हात हलवत होती. कुणाला हलवत होती, कोण जाणे.

दुपारी काकू परत आल्या त्या हसतच. "अहो वहिनी, काय गंमत! सिस्टर आपल्या वसईच्याच निघाल्या. सगळं मराठीत विचारलं. मुलगा घरी काय खातो, हट्ट करतो का, झोपतो कधी. माझी तर भंबेरी उडाली. हेच सांगत होते सगळं."

आई कपबशा मांडत होती. म्हणाली, "हे तर मला आलं असतं."

एवढंच म्हणाली. मग चहात साखर घातली, आणि बहुतेक दुसऱ्यांदा घातली, कारण तो चहा पाक झाला होता. सगळ्यांनी गुपचूप प्यायला. पिंट्याला प्रवेश मिळाला.

एक दिवसाचं काम म्हटलं होतं ना? ते बारा वर्षं चाललं. कारण सिस्टरनी, वर्गशिक्षिकेने, ऑफिसातल्या बाईंनी, सगळ्यांनी नीताकाकूंना बघून ठेवलं होतं. आता दुसरी बाई कशी उभी करणार? वडील म्हणायचे, "कागदावर नाव तुझंच आहे. फक्त तोंड तिचं." जणू तोंड म्हणजे किरकोळ बाब. वर त्यांना भीती, की कळलं तर पोराला काढून टाकतील, दाखला अडकवतील. खरंच काढलं असतं का? त्या सिस्टर पोटात घेतील अशाच होत्या. पण विचारायला गेलंय कोण?

मग ओपन डेला काकू रजा टाकून जायच्या. गॅदरिंगला काकू. आणि रोज सकाळी पिंट्याला शाळेत सोडायला, दुपारी डबा द्यायला, परत आणायला आई. आचोळ्याहून चालत, एका हातात त्याचं दप्तर, दुसऱ्या हातात तो. पावसात गुडघाभर चिखल, तेव्हा तो कडेवर आणि चपला हातात. गेटवरचा वॉचमन तिला बाई म्हणायचा. तसं आपल्याकडे सगळ्यांनाच बाई म्हणतात, आईने मनावर घेतलं नाही. पण एकदा एक टीचर गेटपाशी येऊन तिला मराठीत म्हणाल्या, "बाई, त्याच्या मम्मीला सांगा, उद्या चित्रकलेची वही पाठवायची." आईने घरी येऊन आम्हाला ते करून दाखवलं, त्या टीचरसारखी मान वाकडी करून. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती दोन मजले चढून गेली आणि नीताकाकूंना सांगून आली, उद्या चित्रकलेची वही पाठवायची आहे म्हणून. वही अर्थात आमच्याच घरात होती.

पिंट्याचा सुरुवातीला फार गोंधळ व्हायचा. त्याला एक शाळेची मम्मी होती आणि एक घरची आई. कोण कुठे चालतं हे त्याला पाठ करावं लागलं, माझ्या जोड्यांसारखंच. बाजारात काकू दिसल्या की तो आधी आईकडे बघायचा, मग काकूंकडे, मग जिभेवर आलेलं काहीतरी गिळायचा. कुटुंबाचं चित्र काढलं तर त्यात वडील, मी, तो आणि दोन साड्या. टीचरनी विचारलं तर म्हणाला, एक मावशी. कुणी शिकवलं त्याला हे? कुणीच नाही. मी तरी नाही.

मग तिसरीत त्याला निबंध आला, माय मदर. त्याने लिहिलं, माझी आई ऑफिसात जाते, ती चष्मा लावते, तिला इंग्रजी पेपर वाचायला आवडतो. शंभर टक्के नीताकाकू. आणि तो निबंध त्याच्याकडून पाठ कुणी करून घेतला? आईने. ओट्यापाशी उभी, एका हातात वही, दुसऱ्या हातात लाटणं. तो अडला की ती पुढचा शब्द सांगायची. "माय मदर वेअर्स... काय वेअर्स? स्पेक्टॅकल्स. म्हण. स्पेक्टॅकल्स." मी कॉलेजची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसले होते. तिच्या तोंडून तो शब्द इतका सुरेख निघाला, लिली टीचरांनी अख्खं सुकेळं दिलं असतं.

कारण तिचं इंग्रजी वाढत होतं ना! क्लास कधीच बंद झाला होता. एका पावसाळ्यात टीचर यायच्या थांबल्या, मग कुणी म्हणालं मुलाकडे गेल्या, कुणी काही. पण पिंट्याच्या अभ्यासाबरोबर आई पुढे पुढे जात राहिली. त्याची धड्यांची पुस्तकं, डिक्टेशन, पत्रं. पाचवी, सहावी, सातवी. पदराला गाठी मारणं बंद झालं, कारण टँकर बंद झाले, नळ आले. त्या गाठींची मला कधी कधी आठवण येते.

नीताकाकूंना मी दोष देत नाही. कशी देणार? ओपन डेला जाताना त्या चार दिवस आधीपासून खूश असायच्या. पिंट्याचे मार्क त्यांना तोंडपाठ. त्याला गणितात कमी पडले तेव्हा त्या आमच्या घरी येऊन रडल्या, आणि आईने त्यांची समजूत काढली. बघा म्हणजे! पुढे त्यांनी नायगावला मोठं घर घेतलं, तरी तिथून यायच्या. आईला त्यांचा राग यायचा का? मी बघितलेला नाही. एकदा मात्र त्या गेल्यावर आई म्हणाली होती, "तिला कशाला नाही म्हणू? तिच्याकडे एवढंच आहे." आणि मग कपबशा उचलता उचलता, "माझ्याकडे तो रोज आहे."

पिंट्या दहावीला गेला. मी तोवर नोकरीला लागले होते. शाळेचा निरोपसमारंभ, मुलांनी आईवडिलांना घेऊन यायचं, असं छापील पत्र आलं. दर वेळी असं पत्र आलं की आई लगेच काकूंना फोन करायची. या वेळी तिने पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं.

"काकूंना कळवलंस?" मी विचारलं.

"नाही." ती कांदा चिरत होती. "या वेळी मी जाणार."

मी डब्याखालचं पत्र काढून पुन्हा वाचलं.

"आता काय काढतात त्याला? शाळाच संपली. परीक्षेचे फॉर्म गेले. मी जाणार, आणि विचारलं तर सांगणार. इंग्रजीत सांगणार. तू बसव माझ्याकडून."

काय बसवायचं? आय ॲम हिज मदर. चार शब्द! पहिलीतलं पोर म्हणेल. पण आम्ही आठवडाभर ते बसवलं. ती भाजी निवडताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. मी टीचर व्हायचे, सिस्टर व्हायचे, दारातून आत येऊन म्हणायचे, "यस?" ती कपडे बाजूला ठेवून, पदर सारखा करून, ताठ उभी राहून म्हणायची. कधी घाईत, कधी हळू. एकदा म्हणता म्हणता तिला हसू फुटलं आणि मलाही, आणि आम्ही दोघी पलंगावर पडून हसलो. मला वाटलं, फिटलं. तेराव्या वर्षी जे केलं ते फिटलं. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

वडिलांना ऑफिसातून निघता आलं नाही, किंवा त्यांनी काढता पाय घेतला. आम्ही दोघी गेलो. दुपारची वेळ. शाळेचं अंगण झाडून पाणी शिंपडलेलं, ओल्या मातीवर खुर्च्या, माइकची खरखर. मुलं कडक इस्त्रीचे शर्ट घालून उभी. पिंट्या चार-पाच मित्रांबरोबर होता, मिसरूड फुटलेला, आईपेक्षा वीतभर उंच. त्याने आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की... मला शब्द सापडत नाही. राग नव्हता तो. त्या चित्रात दोन साड्या काढल्या होत्या ना, कुठली पुसू असं कुणी विचारल्यावर होईल तसा.

त्याच्या वर्गशिक्षिका तिथेच होत्या. तरुण, हसऱ्या. आईला त्यांनी रोज गेटवर बघितलेलं. त्या प्रेमाने पुढे आल्या, अगदी मनापासून. "अरे, तुम्ही पण आलात! छान केलंत," त्या म्हणाल्या, आणि मग पिंट्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "अँड व्हेअर इज युवर मदर?"

सगळे मित्र बघत होते. पिंट्या बुटांकडे बघायला लागला. मी आईच्या कोपराला हात लावला. म्हटलं मनात, आता. बोल. चारच शब्द. माझ्याही घशाशी ते आले होते. मीच म्हणू शकत होते, शी इज हिज मदर, काय अवघड होतं? पण मी आईची वाट बघत राहिले. आईने पिंट्याकडे बघितलं. त्याच्या लाल झालेल्या कानांकडे बघितलं. मग ताठ उभी राहिली, पदर सारखा केला, आणि शांत, स्पष्ट आवाजात, कुठेही न अडखळता म्हणाली,

"हिज मदर कुड नॉट कम टुडे. शी इज व्हेरी प्राउड ऑफ हिम."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "ओह! तुम्हाला किती छान इंग्रजी येतं!" त्या म्हणाल्या. आई हसली. पिंट्याने मान वर केली नाही. माइकवर कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

आम्ही मागच्या रांगेत बसलो, वडे-वेफर्सच्या प्लेटा आल्या, त्या खाल्ल्या, टाळ्या वाजवल्या. घरी येताना चालतच आलो. मी तिच्या दोन पावलं मागे चालत होते, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. आचोळ्याच्या वळणावर ती थांबली, मी जवळ येईपर्यंत. म्हटलं, आता रडेल, आता मला विचारेल, त्या संध्याकाळचं, पिठाच्या पळीचं, सगळं.

तिने विचारलं, "बरोबर बोलले ना गं मी?"

"बरोबर," मी म्हटलं. "एकसुद्धा चूक नव्हती."

आणि तिला खरंच आनंद झाला.